अक्षर, बोली आणि बुद्ध्यंक : अध्ययन-अक्षमतेच्या कसोट्यांची भाषिक समीक्षा

वाचन, लेखन आणि गणन यांत जे मूल वयाच्या व मिळालेल्या अध्यापनाच्या मानाने सातत्याने मागे राहते, त्याच्या ठायी ‘विशिष्ट अध्ययन-अक्षमता’ असावी काय, हे ठरविण्यासाठी ज्या कसोट्या योजल्या जातात, त्यांची चर्चा बहुधा मानसशास्त्राच्या व बालरोगचिकित्सेच्या अंगाने होत असते. भाषेच्या अभ्यासकाला त्या चर्चेत क्वचितच पाचारण केले जाते. वस्तुतः या कसोट्यांतील बहुतेक प्रश्न भाषेत विचारलेले आणि भाषेतच उत्तर मागणारे असतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने या अक्षमतेला मान्य दिव्यांगतांच्या सूचीत स्थान दिले, तेव्हा तिची व्याख्याही बोलल्या वा लिहिल्या जाणाऱ्या भाषेवरील प्रक्रियेतील उणीव अशीच केली. ज्या उणिवेची व्याख्या भाषेच्या आश्रयाने होते, तिच्या मापनाची भाषिक छाननी होणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या : उत्तरासाठी अधिक वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, क्वचित एखाद्या विषयाऐवजी दुसरा विषय. या सवलतींचे द्वार प्रमाणपत्राने उघडते आणि प्रमाणपत्र कसोटीने मिळते. कसोटी चुकली, तर जे मूल खरोखर अडले आहे ते ‘आळशी’ ठरते. आणि ज्याची केवळ बोली निराळी आहे त्याच्यावर अक्षमतेचा शिक्का बसतो. दोन्ही परिणाम मुलाच्या पुढील आयुष्यावर होतात.

या मापनाचा उगम सर्वश्रुत आहे. फ्रान्सच्या शिक्षणखात्याने १९०४ साली नेमलेल्या समितीच्या कामातून आल्फ्रेड बिने यांनी सिमों यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये पहिली श्रेणी तयार केली. वर्गात मागे पडणारी, वेगळ्या अध्यापनाची गरज असणारी मुले ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मजात व अचल राशी आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. पुढे १९१२ मध्ये स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली, १९१६ मध्ये टर्मन यांची अमेरिकन आवृत्ती आली, आणि मदतीसाठी केलेल्या निवडीचे रूपांतर एका संख्येत झाले. महाराष्ट्राशी या परंपरेचा संबंध जुना आहे. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची श्रेणी मराठी व कन्नड मुलांसाठी घडविली. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या १९४९ च्या बालश्रेणीचे भारतीय रूप १९६९ साली सिद्ध केले. या दोन्ही उद्योगांमागील परिश्रम निःसंशय आदरणीय आहेत. केवळ भाषांतरावर न थांबता इथल्या मुलांवर प्रश्न पारखून घ्यावेत, ही दृष्टी त्यांत होती. दोष आहे तो पुढील पिढ्यांनी ही साधने ज्या रीतीने वापरली त्या रीतीचा.

या रीतीतील पहिला दोष तर्काचा आहे. मालिन यांच्या श्रेणीत ११ उपकसोट्या आहेत : ६ शाब्दिक व ५ कृतिप्रधान. शाब्दिक भागात सामान्य माहिती, आकलन, साधर्म्य आणि शब्दसंग्रह यांच्या जोडीला अंकगणित व अंकस्मरण यांचाही समावेश होतो. आता जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेले निकष पाहावेत. त्यांत प्रथम मालिन वा वेक्सलर यांच्या श्रेणीने बुद्ध्यंक काढावा, तो ८५ हून अधिक भरला तरच बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची अध्ययन-अक्षमतेची कसोटीमाला द्यावी, असा क्रम होता. म्हणजे ज्या मुलाला गणन जमत नाही, त्याचे गुण अंकगणिताच्या उपकसोटीत जाणार. ज्याची शब्दध्वनींची स्मृती दुबळी आहे, त्याचे अंकस्मरणात जाणार. आणि वाचता न आल्यामुळे ज्याचा शब्दसंग्रह वाढला नाही, त्याचे शब्दसंग्रहात जाणार. जी उणीव शोधावयाची, तीच उणीव उंबरठ्यावर मुलाला अडविते. वाचन खुंटले की त्याबरोबर शब्दज्ञानाची व पर्यायाने शाब्दिक बुद्ध्यंकाचीही वाढ खुंटते, हे कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच साधार मांडले होते.

या उंबरठ्याची व्याप्तीही ध्यानी घेतली पाहिजे. बुद्ध्यंकाची सरासरी १०० व प्रमाण विचलन १५ धरल्यास प्रसामान्य वितरणात ७० ते ८५ या पट्ट्यात शंभरांतील सुमारे १४ मुले येतात. ही मुले बौद्धिक अक्षमतेत गणली जात नाहीत आणि अध्ययन-अक्षमतेच्या कसोटीपर्यंतही पोहोचत नाहीत. बुद्ध्यंक व वाचनगती यांतील तफावत हाच अक्षमतेचा पुरावा, हे प्रमेय अन्यत्र सोडून देण्यात आले आहे. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने अशा तफावतीचा आग्रह अनिवार्य मानला नाही, आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसंहितेतून ती वगळली. भारतातील निकष २०२४ मध्ये सुधारण्यात आले. तथापि ज्या विचारातून हा उंबरठा निर्माण झाला, त्याची तपासणी त्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

दुसरा दोष प्रमाणकांचा. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील गुणांची तुलना करून असे दाखविले की, त्या समाजात बुद्ध्यंक दर दशकामागे सुमारे ३ गुणांनी वर सरकत गेला. असे सरकणे जेथे घडते तेथे जुन्या प्रमाणकांनी मोजलेला बुद्ध्यंक फुगलेला निघतो. १९६९ च्या प्रमाणकांवर पन्नास वर्षांनंतरच्या मुलाला तोलणे त्यामुळेच धोक्याचे. अशा प्रकारे कालबाह्य प्रमाणक आकडा वर खेचते, तर भाषेची अडचण तोच आकडा खाली ओढते. हाती आलेल्या एका संख्येवरून यातील कशाचा किती अंश आहे, हे सांगता येत नाही.

येथवरचे आक्षेप मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही घेतले आहेत. यापुढील आक्षेप मात्र लिपीतून व बोलीतून निघतात. वाचन-अक्षमतेचे बहुतेक विवेचन इंग्रजी वाचणाऱ्या मुलावरून सिद्ध झाले. इंग्रजीत एकेक वर्ण सुटा लिहिला जातो; त्यामुळे शब्दातील एक ध्वनी गाळून उरलेला शब्द सांगावयास लावणे ही तेथील प्रसिद्ध कसोटी. देवनागरीचे एकक वर्ण नसून अक्षर आहे. ‘कमळ’ यातून ‘क’ काढावयास सांगितल्यास मूल ‘मळ’ म्हणेल. केवळ क् हा व्यंजनध्वनी काढून ‘अमळ’ म्हणणे ही सर्वस्वी निराळी मागणी आहे. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात अक्षरज्ञान प्राथमिक शाळेच्या अनेक वर्षांवर पसरून हळूहळू पुरे होते आणि सुट्या ध्वनींची जाणीव त्याहून सावकाश येते, असे आढळले. कन्नड व मराठी या भाषा भिन्न कुळांतील असल्या, तरी दोहोंच्या लिप्या अक्षराधिष्ठित आहेत. म्हणून सुटा ध्वनी वेगळा न करता येणे हे मराठी मुलात विशिष्ट वयापर्यंत उणिवेचे नव्हे, तर लिपीच्या स्वभावाचे चिन्ह असू शकते.

याउलट, जेथे मराठी लिपी खरोखर कठीण आहे, तेथे इंग्रजीवरून घेतलेल्या कसोट्या पाहातच नाहीत. ह्रस्व इकाराची खूण उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लेखनात त्याच्या आधी उभी राहते. म्हणून ‘शनिवार’ हा शब्द ‘शिनवार’ असा वाचला जातो. रफार उच्चारात आधी व लेखनात पुढच्या अक्षराच्या माथ्यावर असतो. म्हणून ‘धर्म’ चा ‘र्धम’ होतो. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद र-काराच्या दोन खुणांवर अवलंबून आहे. अशा जागी दीर्घ काळ व पुनःपुन्हा होणारी गल्लत निदानाच्या दृष्टीने मोलाची आहे. ‘सुर्य’ किंवा ‘मुल’ या लेखनाचे तसे नाही. बोलताना इकार-उकारांचे ह्रस्वदीर्घत्व अर्थभेदक नसल्यामुळे ‘मूल’ पण ‘मुलाला’ हे कानाने कळत नाही, नियमानेच शिकावे लागते. ही चूक मुलाच्या मज्जासंस्थेविषयी फारसे काही सांगत नाही. फार तर त्याला शुद्धलेखन कसे शिकविले गेले, एवढेच सांगते. गुणपत्रिकेत मात्र ‘र्धम’ आणि ‘मुल’ यांना सारखीच एक चूक मोजली जाते.

बोलीचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. वऱ्हाडातील वा खानदेशातील मूल ‘डोळा’ या शब्दास ‘डोया’ म्हणत असेल, आणि लिहितानाही तसेच लिहीत असेल, तर त्याने ऐकलेला ध्वनी अचूक लिहिला आहे. ‘पाणी’ बद्दल ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाचेही तेच. ध्वनी व अक्षर यांचा संबंध अशा मुलाला उत्तम साधला आहे. त्याला अद्याप प्रमाणभाषेचा परिचय व्हावयाचा आहे इतकेच. गोंडी वा कोरकू ज्याच्या घरी बोलली जाते, त्याच्या शब्दसंग्रहाची मराठीतून परीक्षा घेणे म्हणजे तर त्याच्या दुसऱ्या भाषेची परीक्षा घेऊन निष्कर्ष बुद्धीविषयी काढणे होय.

गणनातही भाषा शिरते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी व वीस नंतर येतात. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ५२ लिहिते. ‘एकोणचाळीस’ मध्ये ‘चाळीस’ ऐकू येते, पण लिहावयाचे असतात ३९. ही अडचण हेरूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचे संख्यावाचन सुचविले गेले, व त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. वादाचा निर्णय काहीही असो, मराठी संख्यानामे बालकावर निराळा भार टाकतात, एवढे त्यातून स्पष्ट झाले. अंकांची उलटापालट हे गणन-अक्षमतेचे लक्षण मानणाऱ्या कसोटीने हा भार आधी वजा करावयास हवा.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक चुकीला लिपीचे वा बोलीचे समर्थन दिले, तर खरी अक्षमता झाकली जाणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. पण तो चुका माफ करण्याविरुद्ध आहे, त्यांच्या वर्गीकरणाविरुद्ध नाही. बोलीजन्य चूक नियमित असते : ज्या मुलाचा ‘ळ’ ‘य’ होतो, त्याचा तो बहुतेक शब्दांत होतो, आणि बोलण्यातही होतो. अक्षमतेतून येणारी चूक अनियमित असते. एकाच पानावर एकच शब्द तीन रीतींनी लिहिलेला आढळतो, वाचन अडखळत व अतिशय मंद चालते, आणि समवयस्क व समबोली मुलांच्या चुका सरावाने ओसरल्या तरी या मुलाच्या ओसरत नाहीत. वर्गीकरणाने खरी अक्षमता झाकली जात नाही. उलट इतर चुकांचा गोंधळ दूर झाल्याने ती ठळक दिसते.

या दिशेने काही प्रयत्न झाले आहेत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही कसोटीमाला हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत सिद्ध केली. मूल ज्या भाषेत वाचते त्या भाषेतच त्याला तपासावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. मात्र मराठी म्हणजे एकच मराठी नव्हे, हे तत्त्व यापुढे मान्य व्हावे लागेल. आणि ते काम मानसशास्त्रज्ञांवर सोपवून भाषाशास्त्र्यांना मोकळे होता येणार नाही. इयत्तावार अक्षरज्ञानाची व जोडाक्षरांच्या वाचनाची अपेक्षित पातळी कोणती, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलांच्या लेखनात कोणत्या चुका नियमित म्हणून अपेक्षित धराव्यात, संख्यानामांचा भार कोणत्या वयापर्यंत टिकतो, ही कोष्टके विद्यापीठांच्या भाषाविभागांनीच तयार करावयाची आहेत. पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी याहून उपयुक्त विषय थोडेच असतील.

बुद्ध्यंक टाकून द्यावा, असा या विवेचनाचा अर्थ नाही. बौद्धिक अक्षमता ओळखण्यास तो साहाय्यक आहे, व मुलाच्या सामर्थ्यांचा अंदाज घेण्यासही. त्याला उंबरठा मानू नये, आणि मुलाच्या चुका मोजण्याआधी त्या वाचाव्यात, एवढीच मागणी आहे. बिने यांनी मुलाला वर्गाबाहेर काढण्यासाठी नव्हे, तर त्याला कोणते शिक्षण द्यावे हे ठरविण्यासाठी कसोटी रचली होती. मराठी मुलासाठी तोच हेतू साधावयाचा, तर कसोटीला प्रथम त्याची भाषा व त्याची लिपी कळली पाहिजे.