‘रानवाटा’ : ओळखीतून आलेले आपलेपण

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) जन्मले सोलापूर या गिरण्यांच्या शहरात. म्हणूनच मागांच्या खडखडाटात राहणाऱ्या आम्हां भिवंडीकरांना त्यांचे ‘रानवाटा’ जवळचे वाटावे. येथील अरण्यप्रीती केवळ सौंदर्यलुब्ध नाही. झाडे, पाखरे, पाणवठे यांची नावे आदिवासींकडून शिकत हा वनाधिकारी हळूहळू रानाचा होतो. ही नम्रता मराठी निसर्गलेखनात विरळाच. तथापि एक उणीव सलते. ज्यांनी शब्द दिले, ते बहुधा वाटाडेच राहतात. त्यांचे स्वतःचे आपलेपण लेखकाच्या आनंदामागे झाकले जाते. आमच्या शेजारच्या तानसाच्या रानात कातकऱ्याला, वारल्याला हे आपलेपण सरपणात, कंदात, मधात भेटते. अधिकाऱ्याची बदली होते, त्याची नाही. आणि तरीही २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पुरावा मात्र त्यालाच द्यावा लागतो.