लंडनच्या भुयारातलं अक्षर

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटांवर जाहिरातींची दाटी असे. साबण, बिस्किटं, नाटकं, औषधं, प्रत्येकाचं अक्षर निराळं आणि ज्याचा त्याचा आवाज चढलेला. त्या गर्दीत स्टेशनाचं नाव शोधावं लागे. रेल्वे कंपनीतल्या फ्रँक पिक या अधिकाऱ्याला ही गोष्ट खुपत होती. त्यानं आधी जाहिरातींना जागा नेमून दिली, नावाच्या निळ्या पट्टीमागे लाल चकती आणली. मग त्याच्या ध्यानात आलं, की नाव ज्या अक्षरात लिहायचं ते अक्षरच आपलं नाही. त्याला ठसठशीत अक्षर हवं होतं. जुन्या उत्तम अक्षरांचा कस त्यात असावा, तरी ते आजच्या काळाचं वाटावं आणि जाहिरातीच्या अक्षराशी त्याची गल्लत मुळीच होऊ नये, अशी त्याची अपेक्षा होती. जेरार्ड मेनेल या मुद्रकाच्या ओळखीनं १९१३मध्ये तो एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराला भेटला. १९१५मध्ये काम ठरलं आणि १९१६मध्ये अक्षरं हाती आली. आजही लंडनची भुयारी रेल्वे आणि बस याच घराण्याचं अक्षर वापरतात.

हे अक्षर बिनसेरिफ, म्हणजे टोकांना आडव्या पायऱ्या नसलेलं. असं अक्षर तेव्हा नवं नव्हतं. कॅसलन घराण्याच्या टाइप फाउंड्रीनं १८१६च्या सुमारास पहिलं बिनसेरिफ छपाईत आणलं होतं आणि पुढं शंभर वर्षं जाहिरातवाल्यांनी ते यथेच्छ वापरलं. ठळक, जाड, जागेत कोंबून बसवलेलं असं ते अक्षर. गंमत अशी, की पिकला ज्या गोंगाटापासून सुटका हवी होती, त्याच गोंगाटाच्या कुळातून जॉन्स्टननं शांत अक्षर घडवलं. ते त्याला कसं साधलं, हे समजायचं तर त्याचा हात कशावर बसला होता ते पाहायला हवं.

जॉन्स्टन टाइप पाडणारा माणूस नव्हताच. १८७२मध्ये उरुग्वेत जन्मलेला, एडिंबरात वैद्यकीचं शिक्षण सुरू करून प्रकृतीपायी सोडलेला हा माणूस ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या हस्तलिखितांत रमला. अक्षरातली जाडी आणि बारकाई हात दाबल्यानं येत नाही, ती चपट्या टोकाच्या लेखणीच्या रुंदीतून आपोआप येते, हे त्यानं त्या पोथ्या निरखून नव्यानं शोधलं. टोकदार निबेच्या सवयीत इंग्लंडात ही विद्या जवळजवळ बुजली होती. दहाव्या शतकातल्या रॅमझी स्तोत्रसंहितेच्या अक्षरावरून त्यानं शिकवण्यासाठी एक वळण बसवलं, १८९९पासून लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये वर्ग घेतले आणि १९०६मध्ये लेखनकलेवर मोठं पुस्तक लिहिलं. आधुनिक इंग्रजी सुलेखन त्या पुस्तकावर उभं आहे.

अशा माणसाला एकसारख्या जाडीचं अक्षर काढायला सांगणं म्हणजे त्याच्या हातातली लेखणीच काढून घेणं. जाड-बारीक नाही, फुलोरा नाही, टोकांची लकब नाही. तरीही लेखणी त्या अक्षरांतून गेली नाही. ती कुठं कुठं उरली, हे शोधण्यातच या अक्षराच्या आस्वादाचा खरा आनंद आहे.

पहिल्यांदा ती मापात सापडते. अक्षराची उंची निबेच्या रुंदीत मोजायची, हा चपट्या लेखणीचा नियम. बोरूनं देवनागरी गिरवणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो. जॉन्स्टननं मोठ्या लिपीतल्या अक्षरांची उंची रेघेच्या जाडीच्या सातपट ठेवली. रेघ ठसठशीत आहे पण अक्षर गुदमरत नाही, ते या सातामुळे. दुसरं, प्रत्येक अक्षराला त्याची स्वतःची रुंदी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जाहिराती अक्षरांत सगळी मोठी अक्षरं साधारण सारख्या रुंदीची केलेली असत. पाटी भरून दिसायची, पण शब्दाला आकार येत नसे. जॉन्स्टन रोमच्या ट्रेजन स्तंभावर कोरलेल्या अक्षरांकडे गेला. त्याचा 'ओ' जवळजवळ शुद्ध वर्तुळ आहे. 'ई', 'एफ', 'एल', 'एस' अंग चोरून उभे असतात, 'एम' ऐसपैस. रुंद-अरुंद अक्षरांच्या या चढउतारामुळे नाव लांबूनही एका नजरेत उचललं जातं. गाडी फलाटात शिरताना प्रवाशाच्या डोळ्याला मिळतात ते दोन-चार क्षण, आणि त्यात अक्षरं एकेक करून कुणी वाचत नाही.

आता एकच पाटी जवळून पाहू. वायव्य लंडनमध्ये जुबिली लाइनवर डॉलिस हिल नावाचं स्टेशन आहे. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच भागात असल्यानं तिथल्या मराठी माणसांना ही पाटी ओळखीची. इंग्रजीत हे नाव लिहिलं, की छोट्या लिपीतले चार 'एल' आणि दोन 'आय' येतात, तेही एकमेकांना खेटून. कितीतरी बिनसेरिफ अक्षरांत छोटा 'एल' म्हणजे नुसता उभा दांडा. त्या अक्षरांत हे नाव कुंपणाच्या पट्ट्यांसारखं दिसेल. जॉन्स्टननं 'एल'च्या पायथ्याशी उजवीकडे एक छोटं वळण दिलं. हस्तलिखितात लेखणी अक्षर संपवून पुढच्याकडे निघताना जी हालचाल करते, तिचाच हा ठसा. 'आय' मात्र पायाशी सरळ ठेवला. दोन 'एल', मग 'आय'. नावाच्या दुसऱ्या तुकड्यात आधी 'आय', मग दोन 'एल'. उभ्या रेघांची रांग असूनही डोळा अडखळत नाही. वाचकाची अडचण आधी ओळखून केलेली ही सोय आहे आणि ती शोभेसारखी दिसत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि त्या 'आय'वरचा ठिपका. तो गोल नाही, सरळ ठेवलेला चौकोनही नाही. तो कोनावर उभा केलेला चौकोन आहे. चपटी निब तिरकी धरून कागदावर टेकवली आणि तिच्या रुंदीइतकी ओढली, की नेमका हाच आकार उमटतो. आपल्याकडं बोरूनं काढलेला अनुस्वार असाच चौकटीचा येतो; म्हणून मराठी डोळ्याला हा ठिपका लगेच घरचा वाटतो. कंपास-पट्टीच्या शिस्तीत बांधलेल्या वर्णमालेत जॉन्स्टननं लेखणीची ही एवढी एक खूण उघडी ठेवली. 'जे'वरही तोच ठिपका. संपूर्ण पाटी झाकून फक्त हा ठिपका दाखवला, तरी लंडनकर ओळखेल, कुठलं अक्षर ते.

जॉन्स्टनचा शिष्य एरिक गिल या कामात सुरुवातीला त्याच्याबरोबर होता. पुढं १९२८मध्ये मोनोटाइप कंपनीनं गिल सॅन्स बाजारात आणला. त्याचं मूळ गुरूच्या अक्षरात आहे, हे गिलनं मान्य केलं होतं. गिल सॅन्स रेल्वेवर गेला, पेंग्विनच्या पुस्तकांवर गेला, जगभर छापला गेला. जॉन्स्टनचं अक्षर मात्र भुयारी रेल्वेच्या मालकीचं. कित्येक दशकं ते कुणाला विकत मिळतच नव्हतं. गिल सॅन्स अधिक रेखीव आहे, हे खरं. पण त्यात मोठा 'आय', छोटा 'एल' आणि एकचा आकडा हे तिन्ही एकच दांडे आहेत. पाटीसाठी कुठलं अक्षर श्रेष्ठ, याचा निकाल माझ्यापुरता इथंच लागतो.

पिक आणि जॉन्स्टन दोघंही १९४१ ते १९४४च्या दरम्यान गेले. अक्षरावर संकट आलं ते नंतर. मूळ अक्षर लाकडी ठशांसाठी आणि पाट्यांसाठी बेतलेलं; बारीक मजकुरासाठी ते कधी योजलंच नव्हतं. फोटोटाइपसेटिंग आल्यावर ते टाकून द्यावं की काय, असा विचार होऊ लागला. तेव्हा बँक्स अँड माइल्स या संस्थेत काम करणाऱ्या एइइची कोनो या जपानी अक्षररचनाकारानं १९७९मध्ये त्याचा नवा संच तयार केला. छोटी अक्षरं जरा उंच केली, जाडीचे निरनिराळे प्रकार दिले. त्या कामामुळे अक्षर जगलं, त्याबद्दल कोनोचे उपकारच मानायला हवेत. मूळ अक्षराचा मोकळा श्वास मात्र थोडा कमी झाला. शताब्दीला, २०१६मध्ये, मोनोटाइपच्या नादीन शाहीन आणि मालू व्हर्लोम यांनी आणखी एक आवृत्ती केली. तिच्यात पडद्यासाठी बारीक जाड्या आल्या, हॅशटॅगचं चिन्ह आलं, आणि त्याचबरोबर मधल्या काळात सपाट झालेलं 'जी'च्या खालच्या वाटोळ्याचं तिरकेपण परत आणलं. नव्या माध्यमासाठी काम करताना मागं जाऊन मूळ हात पुन्हा शोधायचा, ही रीत मला अतिशय योग्य वाटते. या सगळ्या फेरफारांत एका गोष्टीला कुणी हात लावला नाही: 'आय'वरच्या चौकटीच्या ठिपक्याला.

जॉन्स्टन १९१२पासून ससेक्समधल्या डिचलिंग गावी राहत असे. तिथल्या छोट्या संग्रहालयात त्याचं काम जपलेलं आहे. लंडनला जाणाऱ्यांनी एक दिवस त्यासाठी काढावा. आपल्याकडं स्टेशनांच्या, रस्त्यांच्या, दवाखान्यांच्या मराठी पाट्या ज्यांच्या हातून घडतात, त्यांनी तर त्याचं १९०६चं पुस्तक आवर्जून वाचावं आणि मग संगणकाला हात लावण्याआधी थोडे दिवस बोरू हाती धरावा.