आत्मचरित्रांतील परका मनुष्य

मराठींत आत्मचरित्रांची वाण आतां उरलेली नाहीं. ज्यानें कांहीं मोठें कार्य केलें तो आपली हकीकत लिहितो, आणि ज्यानें तें केलें नाहीं तोही पुष्कळदां लिहितो. या ग्रंथांतून आईबाप, गुरु, पत्नी, सहकारी व शत्रु या सर्वांस जागा मिळते. किंबहुना शत्रूंस वाजवीपेक्षां अधिकच मिळते. परंतु आणखी एक मनुष्य या ग्रंथांतून वावरत असतो आणि त्याजकडे टीकाकारांचें लक्ष क्वचितच जातें. तो म्हणजे वाटेवर भेटलेला परका मनुष्य. तो एक रात्र ओटीवर निजावयास जागा देतो, तांब्याभर पाणी पुढें करतो, चुकलेला रस्ता दाखवितो, आणि पान उलटतांच नाहींसा होतो. त्याचें नांव लेखकास ठाऊक नसतें. विचारलें असलें तरी लिहावयास बसेपर्यंत तें स्मरत नाहीं.

अशा प्रसंगासाठीं आमच्या भाषेंत कांहीं शब्द अगदीं तयार असतात. ‘देवासारखा धांवून आला’, ‘दैव बलवत्तर म्हणून वांचलों’, ‘वाडवडिलांची पुण्याई’, इत्यादि. या शब्दांमागील श्रद्धेविषयीं आमचें कांहींच म्हणणें नाहीं; तक्रार आहे ती साहित्याच्या अंगानें. मदत करणाऱ्यास एकदां देव ठरविलें कीं त्याचें वर्णन करण्याची जबाबदारी लेखकावर राहत नाहीं. त्याच्या घरीं त्या दिवशीं पीठ पुरेसें होतें कीं नाहीं, ऐन वेळीं आणखी एक पान मांडावें लागलें म्हणून घरांतील बाईच्या कपाळास आठी पडली कीं नाहीं, या गोष्टी देवाच्या बाबतींत कोण विचारतो? आणि दयेची खरी किंमत तर या गोष्टींतच असते. नित्याचें भाग्य म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतों तें बहुधा कोणाच्या तरी पदरचें गेलेलें असतें.

या दृष्टीनें तीन लेखन आम्ही पुनः वाचून पाहिलीं. तिन्ही प्रवासाचीं, तिन्ही आत्मकथनपर; परंतु तिघांच्या वाटा इतक्या निराळ्या कीं एकाच प्रांतांतील माणसें तीं लिहीत आहेत हें मधून मधून विसरावयास होतें.

पहिलें अर्थात् विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक गृहस्थ घरच्या कर्जानें गांजले होते. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार व मोठी दक्षिणा वांटणार ही वार्ता ऐकून ते चुलत्यांसह १८५७ सालीं उत्तरेस निघाले, ते थेट बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांची हकीकत चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं संस्कार करून प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितास धरून असलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ति १९६६ सालीं निघाली. ज्यांस भाषेची गोडी आहे त्यांनीं दुसरीच वाचावी. वैद्यांनीं भटजींच्या बोलण्यास इस्त्री केली आहे, आणि इस्त्रीनें सुरकुत्यांबरोबर ऊबही थोडी जाते.

गोडसे भटजींना परकीं माणसें किती भेटतात! वाटेंत भेटलेले पलटणीचे शिपाई त्यांस येऊं घातलेल्या दंग्याची आगाऊ सूचना देतात व मागें फिरण्याचा सल्ला देतात. ज्यांच्याशीं ना ओळख ना देणेंघेणें अशा दोन भिक्षुकांस त्या शिपायांनीं आपल्या पोटांतील गुपित कां सांगावें? भटजी तो सल्ला मानीत नाहींत. मानला असता तर मराठी वाङ्मय एका अमोल ग्रंथास मुकलें असतें. पुढें झांशी, वेढा, लूट, प्राण मुठींत धरून काढलेले दिवस. मिळविलेला पैसा गेला, आणि अखेरीस पदरीं उरली ती गंगोदकाची कावड. या साऱ्यांत त्यांस ठिकठिकाणीं आसरा मिळत गेला. परंतु बारकाईनें पाहतां हे आसरा देणारे संपूर्ण परके नाहींत, हें ध्यानांत येतें. ग्वाल्हेरीस, झांशीस, जेथें जेथें दक्षिणी मंडळींचें घर आहे तेथें तेथें भटजींचें वेदपठण हीच त्यांची हुंडी आहे. ती दाखविली कीं पान मांडलें जातें. गोडसे यांचा प्रांजळपणा असा कीं त्यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. ती निराळी सांगण्यासारखी आहे असेंही त्यांस वाटलें नाहीं, इतकी ती त्यांच्या अंगवळणीं पडली होती.

या ग्रंथांतील विहिरीचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. पराभवानंतर काल्पीच्या बाजूस राणी लक्ष्मीबाई तहानेनें व्याकुळ होऊन विहिरीपाशीं येते. भटजी पाणी काढून देण्यास पुढें होतात. ती त्यांस थांबविते. आपण विद्वान् ब्राह्मण, आपण माझ्यासाठीं पाणी काढणें योग्य नव्हे, अशा अर्थाचें बोलते आणि स्वतः पाणी काढून पिते. हा प्रसंग वाचून डोळे ओले झाले नाहींत असा वाचक आम्हांस भेटलेला नाहीं. राणीचा विनय थोर आहे यांत शंका नाहीं. तथापि आम्हांस येथें आणखीही कांहीं दिसतें. एक मनुष्य तहानलेल्यास पाणी देऊं इच्छितो आणि मध्यें अधिकाराचा प्रश्न येतो. येथें तो प्रश्न सौजन्याच्या वेषांत आला आहे, म्हणून तो गोड वाटतो. नेहमीं तो याच वेषांत येतो असें नाहीं.

दुसरें पुस्तक धर्मानंद कोसंबी यांचें ‘निवेदन’. तें १९२४ सालीं पुस्तकरूपानें निघालें. गोव्यांतील साखवाळ गांवचा हा तरुण ‘बालबोधमेवा’ या मासिकांतील बुद्धचरित्र वाचून झपाटला आणि १८९९ सालीं घर सोडून बाहेर पडला. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं त्यास वाट दाखविली. काशीस अन्नछत्रांत जेवून त्यानें संस्कृत अध्ययन केलें. नेपाळांत निराशा पदरीं आली. बोधगयेस एका भिक्षूनें सिंहलद्वीपाचा मार्ग सुचविला. कलकत्त्याच्या महाबोधि सभेचा आश्रय लाभला. आणि १९०२ सालीं कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांच्या पायांशीं बसून त्याचें पालीचें अध्ययन सुरू झालें. पुढें सयाजीराव महाराजांनीं महाराष्ट्रांत राहून काम करण्यासाठीं दरमहा ५० रुपये दिले आणि हार्वर्ड विद्यापीठानें अमेरिकेस बोलाविलें, हा भाग सर्वश्रुत आहे. राजाश्रयाची कथा सांगावयास कोणालाही आवडते. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो आधींचा भाग, जेथें प्रत्येक मुक्काम उद्यां कोण जेवूं घालील या प्रश्नावर संपतो.

कोसंबी यांची भाषा कोरडी आहे, असा आक्षेप आम्हीं ऐकला आहे. तो अगदींच खोटा नाहीं. गोडसे भटजींपाशीं माणसाचा चेहरा असतो आणि नांव बहुधा नसतें; कोसंबींपाशीं नांव असतें आणि चेहरा पुष्कळदां अंधुक राहतो. परंतु या कोरडेपणांत एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. सावकाराच्या वहींत रकमेपुढें अलंकार नसतात. कोणी काय दिलें, कोणी काय नाकारलें, हें कोसंबी नोंदून ठेवतात. आणि बुद्धाच्या मार्गानें जाणारा असल्यामुळेंच कीं काय, ते दैवाच्या नांवावर कांहींही जमा करीत नाहींत. ज्यानें दिलें त्याच्याच खातीं रक्कम राहते. कृतज्ञतेचें याहून चोख गद्य मराठींत आम्हांस ठाऊक नाहीं.

एक गोष्ट मात्र या वहींत बसत नाहीं. घर सोडतांना मागें पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी राहिली होती. वाटेवरच्या परक्यांनीं दिलेलें मोजतां येतें; घरच्या माणसानें वर्षानुवर्षें सोसलेलें कोणत्या मापानें मोजावें? आत्मचरित्रकारांस हें माप आजवर सांपडलेलें नाहीं, आणि कोसंबी त्यास अपवाद नाहींत.

तिसरें लेखन मराठींतील नाहीं. तथापि तें ज्या रस्त्यावर घडलें तो सातारा जिल्ह्यांतील आहे, म्हणून तें येथें घेतों. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजींत लिहिलेल्या या आठवणी त्यांच्या हयातींत छापल्या गेल्या नाहींत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें त्या १९९० सालीं प्रसिद्ध केल्या. ग्रंथ म्हणावा तर तो थोड्या पानांचा आहे. पहिली आठवण १९०१ सालची. वडील गोरेगांवीं खजिनदार होते, आणि उन्हाळ्याच्या सुटींत मुलें त्यांजकडे जाण्यास निघालीं. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडींतून पहिलाच प्रवास! मुलांच्या आनंदाचें हें वर्णन लेखकानें मुद्दाम सविस्तर केलें आहे आणि तें योग्यच आहे.

संध्याकाळीं तीं मसूर स्टेशनावर उतरलीं. न्यावयास कोणी आलें नव्हतें. फलाट रिकामा झाला तेव्हां स्टेशनमास्तर स्वतः जवळ आला व कोण, कोठले, कोणाकडे जावयाचें म्हणून त्यानें आस्थेनें चौकशी केली. कपड्यांवरून त्यास तीं ब्राह्मणांचीं मुलें वाटलीं. मुलानें विचार न करतां ‘महार’ म्हणून सांगितलें. त्या एका शब्दासरशीं त्याचा चेहरा पालटला व तो निघून गेला.

आमच्या मतें या आठवणींतील अत्यंत मार्मिक भाग यापुढें आहे, आणि वाचक तो घाईनें ओलांडतात. स्टेशनमास्तर पुनः आला. बैलगाडीवाले होते, पण विटाळाच्या भयानें एकही तयार होईना; दुप्पट भाड्याचीही मात्रा चालेना. तेव्हां त्यालाच युक्ति सुचली. मुलांना गाडी हांकतां येते काय, असें त्यानें विचारलें. मुलांनीं होकार दिला. ठरलें असें कीं मुलांनीं दुप्पट भाडें द्यावें, स्वतः बैल हांकावे, आणि गाडीवानानें आपल्याच गाडीशेजारून पायीं चालावें. या स्टेशनमास्तरास काय म्हणावें? दुष्ट म्हणावें तर तो परत आला नसता. दयाळू म्हणावें तर तो आधीं निघून गेला नसता. आमच्या समाजांतील लक्षावधि सज्जन याच अर्ध्या वाटेवर उभे राहत आले. ज्याच्या घरीं पंगती उठत तोही विहिरीपाशीं आला कीं हाच स्टेशनमास्तर होई. गाडीवानाचेंही तसेंच. रात्रीं जकातनाक्याशीं तोच मुलांना सल्ला देतो कीं, आपण मुसलमान आहों असें सांगा व पाणी मागून पाहा. म्हणजे पाणी मिळावें ही त्याची इच्छा आहेच. खऱ्या नांवानें तें मिळणार नाहीं हेंही तो जाणतो. नाकेदारानें तरीही पाणी दिलें नाहीं. टेकडीवर आहे, तिकडे जा, असें सांगून वाटेस लावलें. डब्यांत अन्न भरपूर होतें. पाण्यावांचून तें खातां आलें नाहीं.

गोडसे भटजींस ज्या समाजानें मागणी न करतां पान मांडलें त्याच समाजानें मागूनही या मुलांना ओंजळभर पाणी दिलें नाहीं. आमचें आदरातिथ्य खोटें होतें असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. तें खरेंच होतें. मधुकरी, वार लावून जेवणारे विद्यार्थी, वारीच्या वाटेवर दिंडीस जेवूं घालणारीं गांवें, हीं सर्व खरीं. परंतु दार उघडण्यापूर्वीं आंतून एक प्रश्न विचारला जात असे, आणि उत्तर ठीक असणारास तो प्रश्न ऐकूंच येत नसे. गोडसे यांच्या ग्रंथांत तो ऐकूं येत नाहीं. कोसंबी यांच्यांत मधून मधून ऐकूं येतो. आंबेडकरांच्या लेखनांत त्यावांचून दुसरें कांहीं ऐकूंच येत नाहीं. ‘माझा प्रवास’ अभ्यासक्रमांत लावणाऱ्यांनीं त्याच्या शेजारीं हीं थोडीं पानें लावलीं, तर विहिरीच्या त्या प्रसंगाचा अर्थ विद्यार्थ्यांस निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं.

आंबेडकर हें सर्व रागानें लिहीत नाहींत, हा त्यांच्या गद्याचा विशेष. दुसरे दिवशीं अकराच्या सुमारास मुलें गोरेगांवीं पोंचलीं. त्यांस पाहून वडील चकित झाले. येत असल्याचें पत्र मुलांनीं वेळेवर धाडलें होतें व तें पोंचलेंही होतें. वडिलांच्या नोकरानें तें त्यांस द्यावयाचें तेवढें विसरलें होतें.