उभे राहणारे मूल आणि फिरणारे देऊळ

अपंग मुलाची कथा परंपरेला अपरिचित नाही. प्रश्न असा आहे, की कथा संपेपर्यंत त्या मुलाला अपंग म्हणून राहण्याची मुभा परंपरा देते काय? संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) या चित्रपटाकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा उलगडा होतो. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सुवर्णकमळ मिळविणारा मराठी चित्रपट आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका, या दोन घटनांमुळे ‘श्वास’भोवती गौरवाचे वलय निर्माण झाले. त्या वलयाबाहेर येऊन त्याच्या कथनाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम परंपरेविषयी. भारुडांतून येणारे आंधळा, बहिरा, मुका हे खऱ्या अर्थाने आंधळे, बहिरे, मुके नसतात. ते अज्ञानी किंवा विषयलिप्त जीवाचे रूपक असतात. पहाटे दान मागत हिंडणारा लोकपरंपरेतील पांगुळ सूर्याच्या पांगळ्या सारथ्याशी, अरुणाशी नाते सांगतो. तेथेही शरीराचे व्यंग हे दैवी खूण होऊन बसते. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्र जनकाच्या सभेत बंदीला वादात हरवितो. वाकडे शरीर आणि सरळ बुद्धी यांतील विरोधावर ती सगळी कथा उभी आहे. तरीही शेवटी त्याला समंगा नदीत स्नान करावे लागते आणि त्याची गात्रे सरळ होतात. अपंगत्व एक तर खूण व्हावे, नाही तर नाहीसे व्हावे, अशी ही दुहेरी अट आहे. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० साली मांडलेली संकल्पना येथे उपयोगी पडते. कथन अपंगत्वाला कुबडीसारखे वापरते, त्याच्या आधाराने चालू लागते आणि काम झाले की ते दूर सारते, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. अलीकडे रूढ झालेल्या ‘दिव्यांग’ या शब्दातही वास्तव व्यंगाला दिव्यत्वाची खूण करण्याची हीच जुनी सवय दिसते.

ही अट केवळ भारतीय परंपरेची नाही. पश्चिम आफ्रिकेतील मांदे लोकांच्या महाकथेचा नायक सुंदियाता, तेराव्या शतकातील माली साम्राज्याचा संस्थापक, बालपणी चालू शकत नव्हता. त्याची आई सोगोलोन कुबडी होती. मुलगा पायांवर उभा राहत नाही म्हणून तिला सवतीचे टोमणे ऐकावे लागत. आईचा हा अपमान असह्य होऊन सुंदियाता लोखंडी दांड्याच्या आधाराने उभा राहतो, आणि ज्या बाओबाब झाडाच्या पानांसाठी आईला हिणविले गेले, ते झाडच उपटून तिच्या दारात आणून टाकतो. बुर्किना फासोचे दिग्दर्शक दानी कुयाते यांनी ‘केइता! ग्रिओचा वारसा’ (१९९५) या चित्रपटात ही कथा आधुनिक शहरातील एका कुटुंबाच्या नाट्यात गुंफली आहे. ग्रिओ म्हणजे वंशाची स्मृती मुखोद्गत सांभाळणारा परंपरागत कथेकरी. असा एक वृद्ध ग्रिओ माबो नावाच्या शाळकरी मुलाच्या घरी येतो आणि त्याला त्याच्या नावामागची कथा सांगू लागतो. मुलाचे शाळेतील लक्ष उडते, शिक्षक तक्रार करतात, आईवडिलांत वाद होतो आणि कथा अपुरी टाकून ग्रिओला निघून जावे लागते.

‘केइता’ आणि ‘श्वास’ यांच्यात प्रत्यक्ष प्रभावाचा संबंध दाखविण्याचा येथे उद्देश नाही. मात्र दोहोंच्या रचनेतील साम्य लक्षणीय आहे. ‘श्वास’मध्ये कोकणातल्या खेड्यातून आजोबा नातवाला, परशाला, पुण्याच्या रुग्णालयात आणतात. डोळ्यांच्या कर्करोगाचे निदान होते. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे गमवावे लागणार असतात. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. अंधार होण्यापूर्वी त्याने जग डोळे भरून पाहावे, एवढीच त्यांची इच्छा असते. दोन्ही चित्रपटांत परंपरेचा वाहक आईवडिलांच्या पिढीतला नाही, तो वृद्ध आहे. दोन्हींत तो मुलाला आधुनिक संस्थेच्या ताब्यातून काही काळ सोडवून नेतो. एकीकडे शाळा आहे, दुसरीकडे रुग्णालय. ग्रिओ सांगतो आणि आजोबा दाखवितात.

परंतु खरा भेद याच्या पुढे सुरू होतो. महाकथेतला सुंदियाता उभा राहतो. परशाचे डोळे परत येत नाहीत. ‘श्वास’मध्ये नवसाने काही घडत नाही. डॉक्टरांचे निदान खरे ठरते आणि आजोबाही अखेर त्यांचेच ऐकतात. परंपरेला विज्ञानाच्या विरोधात उभे करण्याचा सोपा मार्ग चित्रपट नाकारतो. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि संदीप कुलकर्णी यांचे डॉक्टर साने यांच्यातील ताण श्रद्धा आणि शास्त्र यांच्यातील नाही. मुलाला सत्य कोणी, कसे आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, या प्रश्नातून तो निर्माण होतो. अपंगत्व येथे खूण होत नाही आणि नाहीसेही होत नाही. परंपरेची दुहेरी अट मोडणारी ही कृती मराठी कुटुंबपटात मोलाची आहे.

मर्यादाही येथेच आहे. चित्रपटाची सगळी ऊर्जा दृष्टी जाण्यापूर्वीच्या दिवसावर खर्च होते. गावाकडच्या परतीपाशी कथन थांबते. परशाचे आंधळेपण जेथे सुरू होते, तेथे चित्रपट संपतो. त्याची शाळा, ब्रेल लिपी, खेळातले सवंगडी, गावाची नजर हे सारे चौकटीबाहेर राहते. अश्विन चितळेने परशाचा हट्ट आणि राग इतक्या सच्चेपणाने उभा केला आहे, की तो नुसता करुणेचा विषय उरत नाही. तरीही कसोटी लागते ती आजोबांचीच. दहा वर्षांनी आलेल्या महेश लिमये यांच्या ‘यलो’मध्ये (२०१४) डाउन सिंड्रोम असलेली गौरी गाडगीळ स्वतःच आपली भूमिका करते. अपंग व्यक्तीचे स्वतःचे शरीर पडद्यावर येणे ही मोठी गोष्ट होय. पण तेथे जलतरणातील यश मध्यवर्ती होते आणि सुंदियाताचा लोखंडी दांडा वेगळ्या रूपात परत येतो. मुलाला स्वीकारायचे, मात्र त्याने आधी झाड उपटून दाखविले पाहिजे, अशी ही अपेक्षा असते.

यापलीकडची शक्यता आपल्या परंपरेत नाही काय? ज्या हिंगोली जिल्ह्यात हा लेख लिहिला जात आहे, तेथे ती आहे. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी आणि औंढा नागनाथाचे मंदिर, दोन्ही याच जिल्ह्यात आहेत. औंढ्याच्या आख्यायिकेत नामदेवांना देवळासमोरून हटविले जाते. ते मागच्या बाजूस जाऊन कीर्तन करू लागतात, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरते. मंदिरामागचा नंदी आजही या कथेची साक्ष म्हणून दाखविला जातो. ही कथा जातीने केलेल्या बहिष्काराची आहे, अपंगत्वाची नव्हे, याचे भान ठेवावेच लागेल. पण तिची कथनरचना आपल्या प्रश्नाला थेट भिडते. बाहेर काढलेला माणूस येथे बदलत नाही. त्याची जात, त्याची जागा, त्याचा आवाज तोच राहतो. बदलते ती वास्तू. अपंगत्व शरीरापेक्षा समाजाच्या रचनेत असते, हा सिद्धांत ब्रिटनमधील अपंगांच्या चळवळीने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मांडला. त्याचे एक बीज औंढ्याच्या देवळामागे आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

‘श्वास’ने मुलाला उभे राहण्याच्या सक्तीतून मोकळे केले, हे त्याचे श्रेय. देऊळ फिरविण्याचे काम मात्र त्याने पुढच्या चित्रपटासाठी ठेवले आहे. परशा गावी परततो त्या क्षणी आरंभ होणारा, ज्यात त्याला पाहून शाळेला, वाडीला आणि घराला आपले तोंड फिरवावे लागेल, असा मराठी कुटुंबपट अजून यावयाचा आहे.