स्पीकर : किंमत, कान आणि मोजमाप

स्वस्त आणि महागडा स्पीकर यांत खरा फरक किती? या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा किमतीवरून देतो, नाहीतर खोक्यावर छापलेल्या वॉटवरून. वॉट हे विद्युतशक्तीचे एकक आहे; आवाज कसा उमटेल, हे त्यावरून कळत नाही. मग विसंबायचे कशावर? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेला एक प्रयोग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

निरनिराळ्या आकारांचे व किमतींचे चार स्पीकर ४० श्रोत्यांना ऐकवून त्यांना गुण द्यायला सांगितले. एकदा स्पीकर दिसत असताना आणि एकदा ते दिसणार नाहीत अशी व्यवस्था करून. स्पीकर दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरांचे गुण वाढले. स्पीकरची खोलीतील जागा बदलली की आवाज बदलतो. न पाहता ऐकणाऱ्यांच्या गुणांत हा बदल उतरला. पाहून ऐकताना तो फारसा उतरला नाही. डोळ्यांनी कानांवर मात केली, असेच म्हणावे लागेल.

प्रयोगाची रचना आम्हाला आदर्श वाटते, तरी त्याच्या मर्यादाही पाहायला हव्यात. सर्व श्रोते हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचेच कर्मचारी होते. त्यामुळे गुणांतील वाढीचा नेमका आकडा सर्वांना लागू करता येणार नाही. शिवाय अशी चाचणी काय आवडले ते सांगते. का आवडले, ते सांगत नाही.

ते शोधण्यासाठी ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० स्पीकरांची मापने श्रोत्यांच्या गुणांशी ताडून पाहिली. मापनांवरून काढलेले सूत्र आणि प्रत्यक्ष गुण यांचा सहसंबंध ०.८६ इतका आला. स्पीकरच्या समोर आणि बाजूंनाही ज्याचा वारंवारतेचा आलेख गुळगुळीत, त्याला पसंती अधिक. सूत्रात किमतीला स्थान नाही.

परंतु एकाच अंकावर भिस्त ठेवणेही चूक. आवाज किती मोठा करता येईल आणि तेव्हा तो किती विकृत होईल, हे या सूत्रात येत नाही. तेवढ्याच दाबाचा ध्वनी ८० ऐवजी ४० हर्ट्झवर काढायचा, तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. छोट्या पडद्याला ते झेपत नाही. म्हणून लहान खोलीत उत्तम ठरलेला स्वस्त स्पीकर शाळेच्या सभागृहात अपुरा पडू शकतो. जादा पैसा कधी खरोखर कामी येतो, तो इथे.

वर्गात हे करून पाहता येईल. दोन स्पीकर चादरीआड शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा आवाज अधिक चांगला भासतो. क्रम नाणेफेकीने ठरवा, विद्यार्थ्यांना गुण लिहू द्या आणि मगच चादर काढून पुन्हा गुण मागा. दोन्ही याद्यांतील तफावत फळ्यावर मांडली की पूर्वग्रह म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागणार नाही.