‘गणेश’ कोणाचा?

२८ डिसेंबर २०१५ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये फेसबुकचे संस्थापक मार्क झुकेरबर्ग यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. ‘फ्री बेसिक्स’ या आपल्या कंपनीच्या योजनेचे समर्थन हा त्याचा विषय. दूरसंचाराच्या अभ्यासकांनी त्याची पुरेशी चिकित्सा केली आहे. परंतु साहित्याच्या वाचकांनीही तो एकदा वाचावयास हवा, असे आम्हांस वाटते. कारण त्या लेखाचा नायक मराठी मुलखातला आहे : गणेश नावाचा महाराष्ट्रातील एक शेतकरी.

ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये, प्रथम ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ या नावाने, रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने महाराष्ट्र व गुजरात यांसह काही राज्यांत सुरू झाली होती. ग्राहकाला डेटाचे पैसे न भरता फेसबुक आणि काही निवडक संकेतस्थळे पाहता येत. उरलेल्या इंटरनेटसाठी मात्र पैसे मोजावे लागत. आत कोणाला प्रवेश द्यावयाचा, याच्या अटी फेसबुकच्याच होत्या. वादाचे मूळ येथे होते. रस्ता फुकट, पण तो कोणत्या दुकानांपर्यंत जाईल हे रस्तेवाल्याने ठरवावे काय?

आता गणेशकडे वळू. तो फ्री बेसिक्स वापरू लागला, पावसाळ्यापूर्वी हवामान पाहू लागला, शेतमालाचे भाव पाहून अधिक चांगला सौदा करू लागला आणि नव्या पिकांत व जनावरांत पैसे गुंतवू लागला, असे लेखक सांगतो. अशा कामाला विरोध तरी कोण करील, असा त्याचा एकंदर सूर आहे. त्यासाठी ग्रंथालये, दवाखाने व शाळा यांचे दाखले येतात. मात्र ग्रंथालयात कोणती पुस्तके ठेवावीत हे एखादा प्रकाशक ठरवीत नाही, हा भेद लेखात कोठेही येत नाही.

गणेश खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही, तो असेलही. पण पात्र म्हणून तो पोकळ आहे. त्याला गाव नाही, कर्ज नाही, विहीर नाही, बाजारसमिती नाही. डिंडोली, उधना, लिंबायत या भागांतील आपल्यापैकी बहुतेकांची मुळे खानदेशात आहेत. मागे राहिलेला भाऊ किंवा चुलता अजून कापूस, केळी पिकवतो. कापसाचा भाव त्याला फोनवरून त्याच दिवशी कळतो. तरीही तो गावातल्याच व्यापाऱ्याला माल घालतो, कारण उचल त्याचीच घेतलेली असते आणि थांबण्याची ऐपत नसते. भाव कळणे आणि भाव मिळणे यांत जे अंतर आहे, त्यातच आपल्या शेतकऱ्याचे आयुष्य जाते. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा त्यांचा रोख याच अंतरावर होता : शेतकऱ्याच्या वतीने वाचणारा, लिहिणारा आणि मध्ये उभा राहणारा जो कोणी असतो, तो आपला वाटा काढून घेतो. झुकेरबर्ग यांच्या लेखात नेमका हा मधला माणूस दिसत नाही, कारण येथे निवेदकच मधला माणूस आहे.

पुढचा भाग आम्हांस विशेष परिचयाचा वाटला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ९ डिसेंबर २०१५ रोजी वेगवेगळ्या मजकुरासाठी वेगवेगळे दर असावेत काय, यावर मते मागविली होती. फेसबुकने आपल्या सदस्यांकडून तयार मसुद्याचे संदेश पाठवविले. एकूण सुमारे २४ लाख प्रतिसाद आले. त्यांपैकी १८ लाखांहून अधिक फ्री बेसिक्सच्या बाजूचे होते. परंतु विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती, आणि विचारविनिमयाचे रूपांतर मतदानात केले जात आहे, असे ट्रायने फेसबुकला स्पष्ट कळविले. सरकारी नोकरीत हरकती व सूचनांच्या फायली आम्ही वर्षानुवर्षे हाताळल्या आहेत. छापील नमुन्यावर केवळ सही केलेले गठ्ठे येत; त्यांचे वजन मोठे, पण मुद्दा एकच. कधी एखादा वाकड्या अक्षरातला अर्ज मात्र अशी अडचण सांगे की मूळ प्रस्तावच पुन्हा वाचावा लागे. संख्या आणि युक्तिवाद यांची गल्लत न करणे हा प्रशासनाचा धर्म आहे, आणि येथे तो पाळला गेला. ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांनी मजकुरानुसार दरभेद करण्यास मनाई केली. उल्लंघनास दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला. त्याच आठवड्यात फ्री बेसिक्स भारतातून मागे घेण्यात आले.

हा निर्णय योग्यच होता. तथापि विजयी पक्षालाही एक प्रश्न विचारावयास हवा. २०१५ च्या एप्रिलमध्ये इंटरनेटच्या समानतेसाठी दहा लाखांवर ई-पत्रे ट्रायकडे गेली. तीही बहुतांशी तयार मसुद्याचीच होती. ज्यांच्यापाशी इंटरनेट आधीच होते, त्यांनी, बहुतांशी इंग्रजीत, ज्यांच्यापाशी ते नव्हते त्यांच्या हिताचा निर्णय मागितला. एका बाजूने गणेशला जाहिरातीत उभे केले, दुसऱ्या बाजूने त्याचा उल्लेख टाळला. त्याला काय हवे, हे दोघांनीही त्याला विचारले नाही. ‘तोवर आम्ही काय करावे?’ हा त्याचा रास्त प्रश्न अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर पुढे बाजाराने दिले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, काही महिने डेटा फुकट मिळाला आणि मग सर्वांचेच दर कोसळले. २०२० मध्ये याच फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समधील ९.९९ टक्के हिस्सा ४३,५७४ कोटी रुपयांना घेतला. दार बदलले, पाहुणा तोच आला. पण रस्त्यावर दुकाने निवडण्याचा हक्क त्याला मिळाला नाही, आणि हे श्रेय २०१६ च्या त्या विनियमांचेच.

पुढेही अशा योजना येतील, आणि प्रत्येकीसोबत एखादा गणेश, एखादी सुनीता येईल. त्यांची गोष्ट वाचताना आपण कथेला लावतो तीच कसोटी लावावी : हे पात्र स्वतः बोलते काय, की त्याच्या तोंडी कोणी दुसराच बोलतो आहे? आणि जेव्हा सरकार मते मागवील, तेव्हा तयार मसुदा बाजूस सारून, खानदेशातल्या त्या भावाला फोन करून, त्याची अडचण त्याच्याच शब्दांत लिहून पाठवावी.