लोरेटा लिन : खाणकामगाराच्या मुलीचे गाणे आणि आपण

या अंकासाठी लोरेटा लिनवर लिहितो आहे असे सांगितले तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याने सरळ विचारले, "गोऱ्या बाईवर? आणि आपल्या त्रैमासिकात?" प्रश्न रास्त होता. आपण अमेरिकेकडे पाहिले ते काळ्या माणसाच्या बाजूने. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावापासूनच ब्लॅक पँथरशी नाते सांगत. काळ्यांच्या साहित्याच्या अभ्यासातून आपल्या समीक्षेला विद्रोहाची परिभाषा घडवायला मदत झाली. आणि कंट्री संगीत हे तर त्या दक्षिणेतल्या गोऱ्यांचे गाणे म्हणून जगभर ओळखले गेले, ज्या दक्षिणेत काळ्यांना झाडाला टांगण्यात आले. तेव्हा सहकाऱ्याचा संशय मला मान्य आहे. तरीही मी लिहिणार आहे आणि त्याचे कारण आधी सांगून टाकतो.

माझे वडील दगडखाणीवर होते. क्रशरवर खडी फोडणे, भरणे, वाहणे यात त्यांची बावीस वर्षे गेली. एम. ए. ला असताना वसतिगृहातल्या मित्राच्या संगणकावर मी 'कोल मायनर्स डॉटर' हा १९८० चा चित्रपट पाहिला. इंग्रजी धड कळत नव्हते. पण खाणीतून घरी येणारा काळवंडलेला बाप कळायला इंग्रजी लागत नाही. चित्रपट संपल्यावर मी घरी फोन केला तेव्हा वडिलांच्या आवाजाआधी त्यांचा खोकला ऐकू आला. पुढे त्यांच्या कागदांवर 'क्षय' लिहिले गेले. दगडाच्या धुळीचे नाव कुठल्याच कागदावर आले नाही. तेव्हा माझे हे लेखन तटस्थ नाही. तटस्थ समीक्षेचा दावा करणाऱ्यांचे बाप बहुधा खाणीवर नव्हते.

लोरेटा वेब हिचा जन्म १४ एप्रिल १९३२ चा. केंटकी राज्याच्या पूर्वेला, अॅपलाचियन डोंगरांच्या घळीत बुचर हॉलर नावाची वस्ती आहे. तिथे आठ भावंडांत ती दुसरी. वडील टेड वेब खाणीत. जवळचे व्हॅन लीअर हे गाव कन्सॉलिडेशन कोल कंपनीने वसवलेले. त्या मुलुखातल्या अशा खाणवस्त्यांत घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, आणि पुष्कळदा मजुरीही कंपनीच्याच टोकनांत मिळे, जी कंपनीच्याच दुकानात चालत. आपल्याकडच्या वेठीची आणि सावकारीची ज्यांना ओळख आहे त्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको. घरात वारा येऊ नये म्हणून भिंतींना मासिकांची पाने चिकटवलेली. त्या पानांवरच्या लोरेटा यंग या नटीवरून आईने मुलीचे नाव ठेवले. पुढे घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ आला आणि शनिवारी रात्री नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम ऐकू येऊ लागला.

१९४८ च्या जानेवारीत तिचे लग्न झाले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. कित्येक वर्षे मात्र ती तेरा वर्षांची होती असे सांगितले गेले, तिने स्वतःही तसेच सांगितले. २०१२ साली वृत्तसंस्थेने जन्माची नोंद शोधून काढली तेव्हा खरे वय बाहेर आले. मला या दोन वर्षांच्या फरकात रस आहे. पंधराव्या वर्षी लग्न झाले हे दुःख बाजाराला पुरेसे वाटत नाही. त्याला आणखी थोडे हवे असते. दलित आत्मकथनांच्या वाचकांनीही आपल्या लेखकांकडे अशीच मागणी केलेली आहे. 'अजून भयंकर काही?' असे विचारणारे पत्र ज्याला आले नसेल असा आत्मकथनकार मला दाखवावा.

नवरा ऑलिव्हर, सगळे त्याला डूलिटल म्हणत. तो तिला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेला. विशी उलटते न उलटते तोच चार मुले. १९५३ मध्ये त्यानेच तिला सतरा डॉलरची गिटार आणून दिली आणि त्यानेच तिला लोकांपुढे गायला ढकलले. हाच माणूस दारू पिई, बाहेरख्याली करी, हात उचली. तीही उलट मारी असे तिने नोंदवून ठेवले आहे. पहिले आत्मचरित्र १९७६ चे. त्यात नवऱ्याबद्दल पुष्कळ हसून नेले आहे. तो १९९६ साली वारला आणि दुसरे पुस्तक २००२ साली आले, तेव्हा भाषा उघडी झाली. आपल्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' चे लेखन वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते हे इथे आठवते. बाईच्या आत्मकथनाचे मूल्यमापन करताना ती काय लिहिते याच्या आधी, ते लिहिताना घरात कोण जिवंत आहे हे समीक्षकाने पाहिले पाहिजे. आमच्या अभ्यासक्रमातल्या समीक्षेत हा निकष नाही.

१९६० साली तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. कंपनी इतकी लहान की प्रचार कोण करणार? नवरा-बायको मोटारीत बसून एकेका रेडिओ केंद्रावर स्वतः तबकडी घेऊन गेले. गाणे यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले. बाप ते ऐकायला नव्हता. खाणीने फुप्फुसे खाल्लेला टेड वेब १९५९ मध्येच, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, गेला होता. पुढचा चढता आलेख मी थोडक्यात उरकतो, कारण यशाच्या पायऱ्या सगळ्यांच्या सारख्याच असतात : १९६२ मध्ये ऑप्रीचे सदस्यत्व, डेका कंपनीचा करार, १९६७ मध्ये यादीत पहिला क्रमांक, आणि १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलावंत हा पुरस्कार. तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 'कोल मायनर्स डॉटर' हे गाणे तिने १९६९ च्या ऑक्टोबरात ध्वनिमुद्रित केले, ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पहिल्या क्रमांकावर गेले. त्या वेळेपर्यंत डोंगरातल्या गरीब गोऱ्याला 'हिलबिली' म्हणून हिणवणे ही शहरी अमेरिकेची रीतच होती. या बाईने बापाचा धंदा हीच आपली ओळख म्हणून छाती पुढे काढून सांगितली. लाज वाटावी म्हणून जे दिले गेले होते तेच तिने नाव म्हणून धारण केले. हे आपल्याला ओळखीचे आहे. आणि तपशील खरे आहेत : बापाची रात्रपाळी, आईची कपडे घासून रक्ताळलेली बोटे, उन्हाळ्यात अनवाणी पाय. यातली एकही वस्तू बाहेरून आणलेली नाही.

परंतु मूळ गाणे बरेच लांब होते. निर्माता ओवेन ब्रॅडली याने ते कापायला लावले. इतके लांब गाणे चालणार नाही असे त्याचे म्हणणे. तिने काही कडवी काढून टाकली आणि ती पुन्हा मिळाली नाहीत. ब्रॅडली दुष्ट नव्हता, उत्तम जाणकार होता. रेडिओचा वेळ तीन मिनिटांचा, हे त्याला ठाऊक होते. मला हे वाचून स्वतःची लाज वाटली. महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचा संपादक म्हणून मी एका विद्यार्थिनीची वीटभट्टीवरची कविता 'फार पसरट आहे' म्हणून निम्मी केली होती. अंकात ती छान दिसते. तिची मूळ वही आता माझ्याकडे नाही आणि मी काय कापले ते मला आठवतही नाही.

जे कापले त्यात काय होते याचा तर्क मी करणार नाही. जे उरले त्यात काय नाही हे मात्र सांगता येते. त्यात कंपनी नाही. खाण आहे, कोळसा आहे, कष्ट आहेत, प्रेम आहे. पण खाणीचा मालक नाही. आणि साल पाहा. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्याच राज्यात सुमारे चाळीस हजार खाणकामगारांनी काळ्या फुप्फुसाच्या रोगासाठी नुकसानभरपाई मागत काम बंद पाडले. डिसेंबर १९६९ मध्ये केंद्राचा खाण सुरक्षा कायदा झाला आणि या रोगाला सरकारी कागदावर जागा मिळाली. म्हणजे ज्या वर्षी तिच्या बापाच्या रोगावरून डोंगर पेटला होता त्याच वर्षी नॅशव्हिलच्या स्टुडिओत हे गाणे मुद्रित होत होते, आणि त्यात तो रोग नाही.

दुसरीही परंपरा त्याच डोंगरांत होती. केंटकीच्याच हार्लन परगण्यात १९३१ साली, संपाच्या दिवसांत, फ्लॉरेन्स रीस या खाणकामगाराच्या बायकोने घरातल्या कॅलेंडरच्या पानावर 'तू कुणाच्या बाजूचा?' असा प्रश्न विचारणारे गाणे लिहिले. ते आजही जगभरच्या मोर्चांत गातात. हेझल डिकन्स ही वेस्ट व्हर्जिनियाची. भाऊ त्या रोगाने गेला तेव्हा तिने रोगाचे नावच गाण्याला दिले. हेझलला पहिला क्रमांक कधी मिळाला नाही. लोरेटाचे गाणे गरिबीला भूतकाळात ठेवते, ती संपलेली आहे, आता तिच्याकडे प्रेमाने वळून पाहता येते. हेझलच्या गाण्यात माणूस अजून गुदमरतो आहे. बाजाराला पहिले परवडते. मी दोन्ही ऐकतो, आणि खरे सांगायचे तर माझ्या आईला गाण्याचा अर्थ सांगितला तेव्हा ती लोरेटाच्या गाण्याला रडली. हेझलच्या गाण्याला ती गप्प बसली. कुठला प्रतिसाद मोठा हे मला ठरवता आलेले नाही.

लोरेटाचा नकार दिसतो तो अन्यत्र, बाईच्या देहाच्या प्रश्नावर. पिऊन आलेल्या नवऱ्याला दाराबाहेर ठेवणारे गाणे तिने बहिणीबरोबर लिहिले. घटस्फोटितेकडे पाहणाऱ्या समाजाच्या नजरेवर 'रेटेड एक्स' लिहिले. १९७५ मध्ये 'द पिल' आले. ते तिने लिहिलेले नव्हे, इतरांचे. पण ते गायचे धाडस तिचे. सतत बाळंतपणाला जुंपलेली बायको आता गोळी मिळाली म्हणून नवऱ्याला ठणकावते, एवढाच विषय. कंपनीने ते मुद्रण दोनेक वर्षे दाबून ठेवले होते. प्रसिद्ध झाल्यावर अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवले नाही, चर्चमधून निषेध झाला, आणि तरी ते देशी यादीत पाचव्या क्रमांकावर गेले. खेड्यातले डॉक्टर आपल्याला म्हणाले की पत्रकांनी झाले नाही ते या गाण्याने झाले, असे तिने सांगितले आहे. सहा मुलांची आई असल्याने तिला या विषयावर कुणाचे व्याख्यान ऐकायची गरज नव्हती. स्त्रीमुक्तीच्या पुस्तकांतून ही जाणीव आली नव्हती, म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही.

आता सहकाऱ्याचा प्रश्न, जो मी टाळलेला नाही. वर्णाचे काय? १९२० च्या दशकात राल्फ पीअर आणि त्याच्यासारख्या ध्वनिमुद्रण व्यावसायिकांनी एकाच दक्षिणेच्या गाण्याची दोन दुकाने केली : काळ्यांच्या तबकड्या 'रेस', गोऱ्यांच्या 'हिलबिली'. बँजो आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेले वाद्य, ते गोऱ्यांचे म्हणून प्रसिद्ध झाले. ऑप्रीचा आरंभीचा तारा डीफोर्ड बेली हा काळा हार्मोनिकावादक, त्याला १९४१ मध्ये काढून टाकण्यात आले. चार्ली प्राइड हा मिसिसिपीतल्या वाटेकरी शेतमजुराचा मुलगा. १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्या रेडिओ केंद्रांना पाठवताना कंपनीने त्याचे छायाचित्र जोडले नाही. आवाज चालत होता, चेहरा चालत नव्हता. १९७२ च्या समारंभात त्याला पुरस्कार देण्याचे काम लोरेटाकडे आले. तो जिंकलाच तर मागे सरक, स्पर्श करू नकोस, असे तिला आधी बजावण्यात आले होते. तिने त्याला मिठी मारली आणि मुका घेतला. ही हकीकत तिनेच सांगितली आहे. शिवाशिवीच्या समाजात वाढलेल्या वाचकाला त्या एका पावलाच्या अंतराचा अर्थ मी सांगायला नको.

हीच बाई २०१६ मध्ये उघडपणे ट्रम्पच्या बाजूने उभी राहिली. ४ ऑक्टोबर २०२२ ला नव्वदाव्या वर्षी ती गेली तेव्हा मृत्युलेखांनी एकतर हे गाळले किंवा एवढेच धरले. मला दोन्ही जमत नाही. मिठी खरी आहे आणि ते मतही खरे आहे. कामगाराचे दुःख माणसाला आपोआप दुसऱ्याच्या दुःखाच्या बाजूला नेऊन उभे करत नाही. आपल्याकडे गिरणगावातही ते दिसले, चाळीत पाण्याच्या नळावर दिसले.

आणि लोरेटा ज्या दारातून आत गेली त्याच दारावर आलेली दुसरी बाई सहकाऱ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. लिंडा मार्टेल, दक्षिण कॅरोलायनाची, काळी. १९६९ मध्ये तिचे गाणे देशी यादीत बाविसाव्या क्रमांकावर गेले आणि एकल गायिका म्हणून ऑप्रीच्या मंचावर उभी राहिलेली ती पहिली काळी स्त्री ठरली. तिच्या ध्वनिमुद्रिका कंपनीचे नाव होते 'प्लँटेशन'. गुलामांच्या मळ्याचेच नाव. त्या नावाला तिने हरकत घेतली होती. प्रेक्षकांतून तिला शिव्या ऐकाव्या लागल्या. १९७० मध्ये तिचा एक अल्बम निघाला, दुसरा निघाला नाही, कंपनीचे लक्ष आपल्या गोऱ्या गायिकेकडे वळले. त्याच वर्षी खाणकामगाराची मुलगी पहिल्या क्रमांकावर होती. लिंडा मार्टेल पुढे दक्षिण कॅरोलायनात परतली आणि तिथे तिने शाळेची बस चालवली. २०२४ मध्ये बियॉन्सेने आपल्या अल्बममध्ये तिचा आवाज घेतला, तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती.